नवे 32 नकोत, आधी जुने 16 चालू करा

प्रति,
मा. नगराध्यक्षा, मा. मुख्याधिकारी आणि मा. पोलीस निरीक्षक,
तसेच आमच्या व्यापारी संघाचे सर्व पदाधिकारी

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही बाजारपेठेसाठी 32 नवे कॅमेरे घ्यायचा ठराव केला. टाळ्याही वाजल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, आणि तो नेमका 11 नंबरच्या कॅमेऱ्याच्या तोंडासमोर. अजून तिथेच आहे. पत्र लिहायला एवढं निमित्त पुरलं असतं, पण कारण त्याहून जुनं आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. ज्यांना लिहितेय त्यांना ते ठाऊक आहे. बाकीच्या वाचणाऱ्यांनी आपापल्या पेठेतल्या खांबाकडे एकदा मान वर करून बघावं.

कासार आळी मेन रोडला मिळते त्या कोपऱ्यावरचं बांगड्यांचं दुकान आमचं. आधी सासूबाई बसायच्या, आता मी बसते. नगराध्यक्षा ताई, तुमच्या लग्नाचा चुडा आमच्याच ओट्यावर भरला होता. सासूबाईंनी भरला, साबणाच्या पाण्याचं भांडं मी धरलं होतं. त्यामुळे पुढे कुठे आवाज चढलाय असं वाटलं, तर माहेरचं माणूस बोलतंय असं समजा.

दुकानासमोर खांब आहे आणि त्या खांबावर 7 नंबरचा कॅमेरा. 2019 साली बसला. नारळ फुटला, पेढे वाटले, मीही एक घेतला. त्याच महिन्यात आमच्या व्यापारी संघाची बैठक झाली आणि गुरखा काकांना निरोप द्यायचं ठरलं. वीसेक वर्षं ते रात्रभर पेठेतून फिरायचे. शिट्टी वाजवायचे, काठी प्रत्येक शटरवर हलकी टेकवायचे, एखादं कुलूप नीट लागलं नसेल तर मालकाच्या दारात जाऊन हाक मारायचे. दर दुकानामागे महिन्याला 50 रुपये पडायचे. कॅमेरे आल्यावर ते 50 रुपये आम्हाला जड झाले. "आता चोवीस तास डोळा आहे, माणूस कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि हात वर झाले. वर झालेल्या हातांत माझाही होता. काका गावी गेले, पार नेपाळात. म्हणून सांगते, या कॅमेऱ्यांची किंमत फक्त नगरपरिषदेने मोजलेली नाही. जागा माणूस देऊन आम्ही ते घेतलेत.

आता त्या दिवसाचं सांगते.

लग्नसराईतला आठवडी बाजार होता. वाडीवरच्या एक मावशी लेकीला घेऊन हिरवा चुडा भरायला आल्या होत्या. मुलीचा डावा हात भरून झाला होता. मावशी पैसे काढायला ओट्याच्या कडेला सरकल्या, पिशवीत हात घातला आणि बोटं पिशवीच्या बुडातून बाहेर आली. गर्दीत कुणीतरी ब्लेड मारलं होतं. आत भांड्याकुंड्यांचे आणि मानपानाच्या कापडाचे 18 हजार होते. मावशी रडल्या नाहीत. त्या चिरेतून आलेल्या स्वतःच्या बोटांकडेच बघत राहिल्या. मुलीचा उजवा हात मी भरला. अर्धा चुडा घालून तिला कशी पाठवणार?

हवालदार आले. भला माणूस. वर बघून म्हणाले, "मावशी, डोक्यावर कॅमेराच आहे, काळजी करू नका." मावशींनी खरोखर काळजी करायची थांबवली. तोंडावर रंग आला, पाणी प्यायल्या. ते बघून आज मला जास्त वाईट वाटतं. कॅमेरा नसताच, तर निदान त्या वेळी आम्ही चार माणसांनी एसटी स्टँडकडे धाव तरी घेतली असती.

दुसऱ्या दिवशी मावशींना घेऊन ठाण्यात गेले. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर 16 चौकोन. त्यांतले 11 काळे आणि त्यांवर "नो व्हिडिओ". सात नंबर त्यांतच. शेजारचा सहा नंबर चालू होता, पण मागचं रेकॉर्डिंग बघायला पासवर्ड लागतो आणि तो ठेकेदाराच्या माणसाकडे. त्याला बोलवायचं तर नगरपरिषदेचं पत्र हवं. नगरपरिषदेला पत्र द्यायचं तर ठाण्याचं पत्र हवं. ही दोन पत्रं 400 मीटरच्या अंतरात फिरली आणि ठेकेदाराचा माणूस उगवला तेराव्या दिवशी. हो, तेराव्याच. आमच्यात तेराव्याला काय असतं ते वेगळं सांगायला नको.

माझा भाचा पुण्यात कॅमेरे बसवायचं काम करतो. त्याला त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ठेकेदाराच्या माणसाने बाजाराची तारीख टाकली, काही सापडलं नाही. भाच्याने पडद्याचा कोपरा दाखवला. रेकॉर्डरच्या लेखी साल 2000 चालू होतं, महिना जानेवारी. आतला नाण्याएवढा सेल संपलेला. त्यामुळे वीज गेली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा सेल आमच्या आळीतल्या घड्याळजीकडे 40 रुपयांना मिळतो. बरं, दिवस उलटे मोजून तो दिवस शोधायचा म्हटलं, तर मूळची मोठी डिस्क बिघडल्यावर "तात्पुरती" म्हणून 1 टीबीची बसवलेली. ज्या प्रतीचं चित्र हे कॅमेरे काढतात, त्याला एक कॅमेरा दिवसाला साधारण 21-22 जीबी खातो. पाच कॅमेरे चालू, म्हणजे दिवसाला शंभरच्या वर. नऊ दिवसांत डिस्क भरते आणि जुन्यावर नवं चढत जातं. आपण तेराव्याला पोचलो होतो.

मग मावशींसाठी मी दुकान-दुकान फिरले. मिठाईवाल्यांच्या कॅमेऱ्यात ओट्याची कड दिसते म्हणून तो बघितला. त्यात पायच पाय. दुकानाचा कॅमेरा गल्ल्याकडे बघतो, रस्त्याकडे नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. दुसऱ्या एकाने सरळ हात जोडले. मागे एकदा पोलिसांनी त्याचा डीव्हीआरच, म्हणजे रेकॉर्डिंगची पेटीच, पंचनाम्यात उचलून नेला होता आणि तो परत मिळेपर्यंत दुकान आंधळं होतं.

हे झालं एका पिशवीचं. आता तक्रारी. त्या फक्त माझ्या नाहीत. पेठेतल्या कुणालाही विचारा.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: हे कॅमेरे कुणाचे, हेच कुणाला सांगता येत नाही. पैसे आमदार निधीतले. बसवले नगरपरिषदेने. पडदा पोलिसांकडे. खांब वीज कंपनीचा. जोडणी गावातल्या केबलवाल्याची. बिघाड झाला की पीआय साहेब म्हणतात, "आम्ही फक्त बघणारे, मालक नगरपरिषद." नगरपरिषदेतले म्हणतात, "आमच्याकडे त्याचं हेडच, म्हणजे खर्चाचं खातंच नाही, निधी एकदाचा आला होता." केबलवाला म्हणतो, बिल थकलंय. पाच जणांची म्हैस आणि धारेला कुणीच नाही. एखादी वस्तू उभी करायला पैसा मिळतो, फित कापायला माणसं मिळतात, पण तिचं रोजचं खाणंपिणं कुणाच्या वहीत लिहायचं हे आधी ठरवायचं असतं. आमच्याकडे सहा वर्षं ते ठरलं नाही. देखभालीचा करार तीन वर्षांचा होता, 2022 मध्ये संपला. त्यानंतर प्रशासकांचा काळ. निवेदन द्यायला गेलं की पोच मिळायची, उत्तर नाही. डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली, तुम्ही आलात, आम्हाला वाटलं आता विचारायला माणूस मिळाला. आणि तुम्ही पहिला ठराव काय केलात, तर नव्या कॅमेऱ्यांचा.

दुसरी तक्रार कागदाची. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून मी विचारलं की सध्या किती कॅमेरे चालू आहेत. उत्तर आलं, "एकूण 16 कॅमेरे बसविण्यात आले असून सर्व कार्यान्वित आहेत." आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभ बोलू नये म्हणून. तुमच्या दप्तरात तीच पद्धत आहे असं दिसतंय. कॅमेरा बंद पडला म्हणायचं नाही, कार्यान्वित म्हणायचं. त्या उत्तरानंतर मी रोज रात्री दुकान वाढवल्यावर (हे आणखी एक वाढवणं) मेन रोडने चालत जाते आणि मोजते. अंधारात बघणाऱ्या या कॅमेऱ्यांच्या डोळ्याभोवती वीज असली की मंद लाल ठिपके दिसतात. कधी पाच दिसतात, पाऊस झाला की चार. आणि ठिपके दिसले म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असंही नाही. तेवढा फक्त दिवा लागलेला असतो.

तिसरी, बसवण्याची. खांबावर 22 फुटांवर कॅमेरा लावलाय, का तर कुणी चोरू नये. तिथून माणसांची टकलं दिसतात, तोंडं नाहीत. भाच्याने समजावलं ते सोपं आहे. माणूस ओळखू यायचा असेल, तर चित्रात मीटरभर रुंदीला अडीचशे पिक्सेल तरी यावे लागतात, असं या कामाचं मानक आहे. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आडवे 2560 पिक्सेल असतात. म्हणजे ओळख पटेल असा भाग जेमतेम दहा मीटर रुंदीचा. तेवढ्यात आमचा चौक कुठला मावतोय? चौकभर गर्दी बघायला एक कॅमेरा लागतो आणि पेठेत शिरायच्या तीन तोंडांवर चेहरा धरायला कमी उंचीवर दुसरे लागतात. नव्या ठरावात "चेहरा ओळखणारे, नंबरप्लेट वाचणारे" असं लिहिलंय म्हणे. ते कुठे, किती उंचीवर, कुठल्या तोंडाला, याचा एक शब्द नाही. पुन्हा 22 फुटांवर लावलेत, तर ते हुशार कॅमेरे हुशारीने टकलं मोजतील.

त्यातच कोळ्यांचं आलं. रात्री त्या लाल उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. जाळं काचेवर, आणि रात्रीच्या चित्रात ते पांढऱ्याफेक पडद्यासारखं दिसतं. महिन्यातून एकदा फडकं मारायचं काम आहे हे. पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या, अर्थिंग तपासायचं, कारण वळवाच्या विजेने दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत तीन कॅमेरे गेले. पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणला तेव्हा केबल तुटली ती तुटलीच. खणणारे नगरपरिषदेचेच, कॅमेरे बसवणारीही नगरपरिषदच.

चौथी तक्रार लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मावशींच्या पिशवीचं फुटेज मिळालं नाही. मात्र त्याच वर्षी चौकात एक माणूस पिऊन गटारात पडला, त्याची क्लिप संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. कोपऱ्यात कॅमेऱ्याचा नंबर स्पष्ट दिसत होता. म्हणजे पुरावा हवा तेव्हा पासवर्ड ठेकेदाराकडे असतो, टवाळी करायची तेव्हा तो कुणाकडेही असतो. दुपारी शाळा सुटली की 9 नंबरच्या खांबाखाली मुली एसटीची वाट बघत उभ्या असतात. तो पडदा कोण, कधी, कशासाठी बघतं याची नोंदवही आहे का? राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासण्यांचं चित्रण 2025 मध्ये इंटरनेटवर विकलं गेलं, आणि पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचे तरुण होते. तिथे कंपनीने दिलेला सोपा पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, असं पुढे बातम्यांत आलं. आमच्या रेकॉर्डरचा पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाने त्या दिवशी आमच्यासमोर टाइप केला. मी तो इथे लिहीत नाही, पण शेंबड्या पोराला सांगितलं तरी पहिल्या दोन प्रयत्नांत ओळखेल.

आणि पाचवी तक्रार आमची आमच्यावरच. व्यापारी संघाच्या मंडळींनो, नाकं मुरडू नका. उन्हाळ्यात आपण ताडपत्र्या बांधतो, त्या तीन कॅमेऱ्यांच्या आड येतात. दिवाळीत एकाने कॅमेऱ्याच्या जंक्शन बॉक्समधून माळेला वीज घेतली होती, कुणी ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स आपणच लावतो. आणि गुरख्याचे 50 रुपये आपणच वाचवले.

"पिशवी कापली, त्यात एवढं काय?" असं कुणी म्हणेल. मोठ्या शहरांची गोष्ट बघा. पुण्यात 1 ऑगस्ट 2012 च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. तिथले कॅमेरे त्या वेळी चालू नव्हते, असं तेव्हा बातम्यांत छापून आलं होतं. मुंबईत 26/11 नंतर राम प्रधान समितीने शहरात कॅमेरे बसवायला सांगितलं, आणि ते शहरभर लागायला 2016 चा ऑक्टोबर उजाडला. पावणेपाच हजारांच्या आसपास कॅमेरे, दीड हजार ठिकाणी. आपल्या गावावर तसलं काही न येवो. पण आलं, तर पीआय साहेब, तुमच्या पडद्यावर 11 काळे चौकोन असतील.

कायद्याचं मला फार कळत नाही, जेवढं वाचलं तेवढं सांगते. पोलीस ठाण्यांच्या आतल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 ला आदेश दिला. मला त्यात आवडलं ते हे, की न्यायालय नुसतं "कॅमेरे लावा" म्हणून थांबलं नाही. कॅमेरे चालू आहेत की नाही याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली. बिघाड झाला की जिल्ह्याच्या समितीला ताबडतोब कळवायचं, आणि कॅमेरे बंद असताना ठाण्यात कुणाला अटक झाली, कुणाची चौकशी झाली, तेही सांगायचं. रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर निदान वर्षभर. तो आदेश पेठेला लागू नाही, मान्य. पण एका ठरावीक माणसाच्या नावावर जबाबदारी, बिघाडाची नोंद आणि साठवणुकीची मुदत, या तीन गोष्टी तिथे लिहून देता येतात, तर इथे का नाही? आंध्रने 2013 मध्ये केलेला आणि आज तेलंगणात लागू असलेला कायदा, तसाच गुजरातचा 2022 चा कायदा, गर्दीच्या खासगी ठिकाणांना 30 दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायला लावतो. दुकानदाराला 30 दिवस, आणि आमच्या नगरपरिषदेच्या पेटीत नऊ.

पुराव्याचं तर आपल्याच जालन्याचं उदाहरण आहे. 2014 च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, यावरचा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावर आला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 2020 मध्ये न्यायालयाने ठाम सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नाही, तर नकलेसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, 1 जुलै 2024 पासून. त्या प्रमाणपत्रावर यंत्र सांभाळणाऱ्याची सही लागते आणि तज्ज्ञाचीही. मला सांगा, आमच्या रेकॉर्डरचा सांभाळणारा म्हणून सही कोण करणार? घड्याळ साल 2000 दाखवतंय, तो चोर सापडला तरी त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. मावशींचं सोडा, चित्र मिळालं असतं तरी ते उभं राहिलं असतं की नाही, मला शंका आहे.

म्हणून मागण्या. वाढवून-चढवून नाहीत, घासाघीस करायला जागा ठेवलेली नाही. मी बांगड्या एका भावाने विकते.

1. 32 कॅमेऱ्यांची निविदा थांबवा. रद्द करा असं म्हणत नाही. जुने 16 सलग तीन महिने चालवून दाखवा, मग निविदा काढा.

2. एका अधिकाऱ्याच्या नावाने लेखी आदेश काढा की या 16 कॅमेऱ्यांची जबाबदारी यांची. त्या पदाचं नाव आणि तक्रारीचा फोन प्रत्येक खांबावर रंगवा, कॅमेऱ्याच्या नंबरासकट. कोणता चालू, कोणता बंद आणि कधीपासून, याचा कागद दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लावा. "कार्यान्वित" हा शब्द नको. चालू किंवा बंद.

3. येत्या अंदाजपत्रकात देखभालीचं वेगळं हेड करा. करार करताना तीन दिवसांत दुरुस्ती, नाहीतर त्या कॅमेऱ्याचे त्या दिवसांचे पैसे कापायचे, असं कलम घाला. आणि ठेकेदाराचं बिल वेळेवर द्या. आम्ही उधारीवर धंदा करणारी माणसं आहोत. थकलेल्या बिलावर कुणी शिडी चढत नाही हे आम्हाला कळतं.

4. 30 दिवसांची साठवण. सोळाही चालले तर साडेदहा टीबीच्या आसपास जागा लागेल, हिशेब भाच्याने घातलाय, कागद जोडलाय. चोवीस तास लिहिणारी डिस्क घ्या, घरच्या कॉम्प्युटरची नको. रेकॉर्डरचा 40 रुपयांचा सेल मी देते.

5. पीआय साहेब, ही तुमच्यासाठी. तक्रारदार आला की त्याच दिवशी त्या वेळेचं रेकॉर्डिंग बाजूला काढून ठेवा. दाखवायचं की नाही, कुणाला, ते नंतर ठरवा. पण पत्रं फिरेपर्यंत ते पुसलं जाऊ नये. पासवर्ड ठाण्यात दोन जबाबदार माणसांकडे असावा, आजच बदलावा. पडदा कुणी बघितला याची वही असावी आणि क्लिप बाहेर गेली तर त्या वहीवरून माणूस सापडावा.

6. कॅमेऱ्यासमोरचे फ्लेक्स उतरवा. कुणाचेही असोत. सुरुवात 11 नंबरपासून करा, ताई. त्यावर तुमचाच फोटो आहे.

गुरख्याचं आम्ही बघतो. त्यासाठी नगरपरिषदेकडे एक पैसा मागत नाही. पेठेतल्या 40 दुकानांशी मी बोलले आहे, 34 जण महिन्याला 100 रुपये द्यायला तयार आहेत. उरलेले सहा कोण, ते संघाच्या बैठकीत सांगेन. कॅमेरे नीट झाल्यावरही तो माणूस राहील. कॅमेरा घडलेलं सांगतो. कुलूप उघडं राहिलंय म्हणून रात्री हाक मारायला तो येत नाही.

येत्या आठवडी बाजारी सकाळी दहाला तुम्ही तिघांनी 7 नंबरच्या खांबाखाली यावं, ही विनंती. सोळा खांब फिरायला पाऊण तास लागतो, मी वेळ लावून बघितलाय. वाडीवरच्या मावशीही येणार आहेत. लेकीचं लग्न झालं, भांडी उसनी आणून पार पडलं. त्यांना तो पडदा एकदा बघायचा आहे.

आपली,
कासार आळीच्या कोपऱ्यावरची बांगडीवाली

ता. क. माझ्याकडची शिडी 14 फुटी आहे आणि कॅमेरा 22 फुटांवर. अग्निशमनची गाडी सोबत आणा, जाळी काढायला फडकं मी देईन.